बेकन भट्टीत का भाजतात

बेळगावच्या कॅम्पातल्या बेकऱ्या, गोव्यातले पोदेर आणि गोऱ्या लोकांची न्याहारी हा विषय निघाला, की बोलणं शेवटी बेकनवर येतं, आणि एक वाद हमखास होतो. बेकन तव्यावर तळायचं की ओव्हनमध्ये भाजायचं? कॅम्पात वाढलेली माणसं तव्याची बाजू घेतात, हॉटेलात नाहीतर मेसमध्ये काम केलेली माणसं ओव्हनची. दोघांचंही खरं आहे, कारण दोघं दोन वेगळ्या वस्तूंविषयी बोलतात. एकाच्या मनात चार माणसांची न्याहारी असते, दुसऱ्याच्या मनात चाळीस माणसांची.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हा जिन्नस शिजत नाही, हे ठाऊक आहे. तरी इतिहासाच्या मंडळात त्यावर लिहायला जागा आहे. या एका पदार्थात मीठ, धूर आणि भट्टीची साठलेली ऊब अशा तीन जुन्या युक्त्या एकत्र येतात, आणि त्या तिन्हींना आपल्या भागात स्वतःचा इतिहास आहे.

आधी बेकन म्हणजे काय ते बघू. डुकराच्या पोटाचं किंवा पाठीचं मांस मिठात मुरवायचं, वाळवायचं आणि बहुतेक वेळा लाकडाच्या धुरात टांगायचं, की बेकन झालं. पोटाकडच्या मांसात चरबी आणि मांस यांचे पट्टे आलटून पालटून असतात. अमेरिकेत बेकन म्हणजे हेच. इंग्रज माणूस पाठीचं बेकन जास्त खातो, त्यात मांसाचा गोल तुकडा मोठा आणि चरबीची कड बारीक. पूर्वी इंग्लंडात डुकराची अख्खी बाजू मिठवून चुलीजवळ टांगत आणि लागेल तसा तुकडा कापत. एसेक्समधल्या डनमो गावी लग्नानंतर वर्ष आणि एक दिवस भांडण न केलेल्या जोडप्याला अशी अख्खी बाजू बक्षीस द्यायची रीत होती, चॉसरच्या काव्यातही तिचा उल्लेख आहे. गरिबाच्या घरी ती बाजू म्हणजे हिवाळ्याची बेगमी असे. आपल्याकडे लोणच्याची बरणी भरलेली असली की घरातल्या बाईला धीर असतो, तसं ते.

मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं आणि जंतूंना वाढायला पाणी उरत नाही. पण नुसत्या मिठात मांस करडं पडतं, आणि हवा न पोचणाऱ्या आतल्या भागात एक फार वाईट जंतू वाढू शकतो. त्याच्या विषबाधेला 'बॉट्युलिझम' म्हणतात, आणि हे नाव लॅटिनमधल्या सॉसेजच्या शब्दावरून आलंय, यावरूनच काय ते समजा. जुन्या लोकांनी यावर उपाय शोधला होता सोऱ्याचा. मिठात थोडा सोरा घातला की मांस गुलाबी राहतं, चव बदलते आणि तो जंतू दबतो. सोऱ्यातल्या नायट्रेटचं मांसात नायट्राइट होतं आणि खरं काम ते नायट्राइट करतं, हे रसायनशास्त्राला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळलं. आज कारखाने सरळ मोजून नायट्राइटच घालतात. सोरा म्हटला की आपल्याला बंदुकीची दारू आठवते. अठराव्या शतकात इंग्लंडला जाणाऱ्या सोऱ्याचा मोठा भाग बिहारमधून, पाटण्याच्या बाजूने, कंपनीच्या जहाजांतून जात होता. बहुतेक तोफांसाठी, पण मांस मिठवणारे खाटीकही सोरा बाजारातूनच घेत.

मग एवढं सगळं ठाऊक असताना बेकन इथे का झालं नाही? मीठ तर गोव्याच्या मिठागरांत हवं तेवढं होतं. पोर्तुगीज १५१० पासून गोव्यात होते आणि डुकराचं मांस त्यांच्या जेवणाचा कणा होतं. डुकराच्या चरबीच्या थराला ते 'तोसिन्यू' म्हणत. तो न खाणं ही पोर्तुगालमध्ये छुपा यहुदी ओळखण्याची एक खूण ठरली होती, आणि धर्मसमीक्षणाच्या याद्यांत ती लिहिलेली असे. गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडून, ते न्यायासन चाललं, तेव्हा ताटात काय आहे या गोष्टीला किती वजन होतं हे ओळखता येईल. अ. का. प्रियोळकरांनी त्यावर लिहिलं आहे, इथे पुन्हा सांगत नाही.

कारण साधं आहे. हवा. मांसाच्या जाड तुकड्यात मीठ आतपर्यंत पोचायला आठ-पंधरा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत मांस गार हवं, नाहीतर मीठ हाडापर्यंत पोचायच्या आधीच आतून वास मारायला लागतं. युरोपात म्हणूनच डुकरं थंडी पडल्यावर मारत. गोव्याच्या दमट उन्हाळ्यात जाड तुकडा टिकवणं जमणारं नव्हतं. मग गोव्याने दुसरी वाट काढली. मांसाचे बारीक तुकडे करायचे, मीठ लावून वजनाखाली दाबून पाणी काढायचं, उन्हात सुकवायचं, मग सुक्या मिरच्या, लसूण, मसाले आणि माडाच्या विनेगारात मुरवून आतड्यात भरायचं. हे झालं चोरीस. पावसाळ्याआधी माळा करून टांगल्या की पावसात मासे नसताना घर निभतं. युरोपात जे काम थंडीने केलं ते इथे आंबटाने, मिरचीने आणि उन्हाने केलं. पोर्तुगीज दारू-लसणात मांस मुरवत, त्याचं नाव 'विन्य द आल्योश'. गोव्यात दारूच्या जागी विनेगार आलं आणि त्याचं विंदालू झालं. बटाट्याशी, म्हणजे आलूशी, त्याचा काही संबंध नाही, हॉटेलांनी काहीही छापलं तरी.

दख्खनला डुकराचं मांस पोर्तुगीजांनी शिकवलं, असंही समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' ११२९ च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण, जुन्या हैदराबाद संस्थानातलं. त्या ग्रंथातल्या मराठी शब्दांमुळे आपल्या भाषेचे अभ्यासक तो उघडतात, पण त्यात राजाच्या स्वयंपाकाचा भागही तितकाच वाचण्यासारखा आहे. डुकरावर पांढरं कापड घालून कढत पाणी ओतायचं म्हणजे केस सुटतात, नाहीतर गवताच्या जाळावर केस जाळायचे, मग मांस आगीवर भाजायचं, अशी कृती तिथे आहे. मांसाच्या लांब पातळ पट्ट्या करून भाजण्याचीही. मिठवून टिकवलेलं ते बेकन नव्हे, ताजं मांस होतं. पण पट्टी पातळ का करायची, हे त्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याला कळलेलं होतं.

आता छावणीकडे येऊ. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला आणि नंतर इथे मोठी छावणी बसली. महू आणि सिकंदराबाद इथेही तेच झालं. इंग्रजाला न्याहारीला बेकन हवं, पण ते साता समुद्रापलीकडून इथे टिकून येणार कसं? खूप खारवलेलं, कडक, पिंपातलं येई, आणि त्यावरून आलेल्यांच्या तक्रारीही असत. फरक पडला तो बर्फाने. विल्टशरमधल्या कॅल्न गावच्या हॅरिस घराण्यातला एकजण १८४० च्या दशकात अमेरिकेला गेला. तिथे बर्फघरात मांस गार ठेवून वर्षभर मिठवतात हे त्याने पाहिलं आणि घरी परतल्यावर तेच सुरू केलं. आता हिवाळ्याची वाट बघायला नको आणि मीठही कमी चालेल. सौम्य मिठाचं 'विल्टशर' बेकन ते हेच. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी १८८७ मध्ये हॉर्सेन्स इथे सहकारी कत्तलखाना काढला, आणि पुढे इंग्लंडच्या न्याहारीचा मोठा हिस्सा डेन्मार्कमधून येऊ लागला. सहकाराची गोष्ट म्हटली की आपण साखरेकडे बघतो. डॅनिश माणूस लोणी आणि बेकनकडे बघतो.

वसाहतींत आणि पलटणींत ते बहुतेक डब्यातून आलं. पहिल्या महायुद्धात आघाडीवरच्या ब्रिटिश शिपायाच्या ठरलेल्या रोजच्या शिध्यात ४ औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम बेकन होतं. शंभर माणसांच्या कंपनीला रोज अकरा किलो. तव्यावर एकावेळी आठ-दहा पट्ट्या बसतात. हिशोब केला की मेसच्या आचाऱ्याने ट्रे आणि ओव्हन का धरला हे आपोआप कळतं.

आणि तो आचारी कोण होता? मुसलमान खानसामा डुकराला हात लावत नसे, बहुतेक हिंदू आचारीही लावत नसत. बेकनचं भांडं कोणी घासायचं यावरून बंगल्यांत भांडणं होत. ख्रिस्ती गोवेकराला ही अडचण नव्हती, म्हणून बोटींवर, मेसमध्ये, क्लबात, हॉटेलात गोव्याचे स्वयंपाकी, बटलर आणि बेकर पसरले. मुंबईच्या धोबीतलावावर गावागावाच्या 'कुडी' होत्या, बोट मिळेपर्यंत तिथे राहायचं. १८८० च्या दशकात मुरगाव ते कॅसलरॉक रेल्वे झाली, तिकडून लोंढ्याला जोडली गेली आणि गोव्याची माणसं घाट चढून बेळगाव, हुबळी, धारवाडला येणं सोपं झालं. त्यांच्याबरोबर भट्टीची विद्याही आली. स्वतःच्या घरी चोरीस खाणारा हा माणूस साहेबाच्या ताटात बेकन ठेवत होता, आणि दोन्हींची आच त्याला नेमकी कळत होती. त्याचं नाव कुठल्याच पाककृतीच्या पुस्तकात नाही. पुस्तकं मडमांनी लिहिली.

गोव्यातला पोदेर म्हणजे पोर्तुगीज 'पादेयरू'. त्याची भट्टी म्हणजे फोर्न. दगड-विटांचा बुटका घुमट, वर मातीचा जाड थर, पुढे एकच तोंड. आग बाहेर नसते, आतच पेटवतात. लाकूड जळतं तेव्हा घुमट आधी काजळीने काळा होतो, आणि पुरता तापला की तीच काजळी जळून पुन्हा पांढुरका दिसतो. हाच इशारा. मग निखारे बाजूला सारायचे, जमीन ओल्या गोणपाटाने पुसायची आणि पाव आत. आता आत जाळ नाही, आहे ती भिंतींत साठलेली ऊब. ती खालून, वरून, चहूबाजूंनी सारखी येते आणि तासातासाने हळूहळू उतरत जाते. कडक आचेत पाव आणि उंडे होतात, उतरत्या आचेत बोलिन्यांसारखी बिस्किटं, आणि सणासुदीला गावातली माणसं आपापले ट्रे घेऊन येतात. लग्नात किंवा नाताळात दूधपितं डुकराचं पिल्लू मसाला भरून भाजायचं झालं तर ते घरच्या चुलीवर होतच नाही, पोदेराच्या फोर्नातच जातं. पोर्तुगालमध्ये बायराडा भागातलं असं भाजलेलं पिल्लू प्रसिद्ध आहे, तेही लाकडाच्या भट्टीतलंच.

इंग्रज लष्कराकडेही हाच फोर्न होता, दुसऱ्या नावाने. 'ऑल्डरशॉट ओव्हन' म्हणजे लोखंडी पत्र्याच्या कमानी जमिनीवर ठेवायच्या, वर मातीचा ढीग, आत लाकडं पेटवायची, दीड-दोन तासांनी निखारे ओढून काढायचे, पावाचे आणि मांसाचे ट्रे आत सरकवायचे, तोंड मातीने लिंपून टाकायचं. गोव्याहून आलेल्या बेकराला यात नवीन काय शिकवणार?

भट्टी नसलेल्या घरांतही ही गोष्ट माहीत होती. आपल्या आज्यांनी नानकटाई केली ती पातेल्यात वाळू घालून, झाकणावर निखारे ठेवून. गोव्यातली बेबिंका वरच्या निखाऱ्यांवर थर थर भाजली जाते. खालची आच शिजवते, वरची आच रंग आणते, हे सूत्र तेच. इंग्लंडातही ओव्हन घरोघर येण्याआधी चुलीपुढे पत्र्याची एक उघडी पेटी ठेवत. तिच्यात आकडे असत, आकड्यांना बेकनच्या पट्ट्या टांगत, आणि पाठीमागचा चकचकीत पत्रा चुलीची ऊब परत फिरवून पट्ट्यांवर टाकत असे. खाली चरबी गळून पडे. म्हणजे ओव्हनमधलं बेकन ही हॉटेलवाल्यांनी काढलेली सोय नाही, तव्याइतकीच जुनी रीत आहे.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते. पोटाच्या बेकनच्या कच्च्या पट्टीत साधारण चाळीस टक्के चरबी आणि जवळजवळ तेवढंच पाणी असतं. मांसाचा पट्टा शिजताना जास्त आकसतो, चरबीचा कमी, म्हणून पट्टी वेडीवाकडी होते. तव्यावर वाकडी झालेली पट्टी काही ठिकाणीच तव्याला टेकते. टेकली तिथे करपते, उचलली गेली तिथे पांढरी, लिबलिबीत राहते. आचारी मग चिमट्याने दाबत बसतो. आणि आजकालच्या पुष्कळ बेकनमध्ये खारं पाणी सुईने टोचून भरलेलं असतं. ते पाणी बाहेर आलं की तडतडतं आणि हातावर उडतं.

ओव्हनमध्ये ऊब एका बाजूने येत नाही. पट्टीतलं पाणी उडत असतं तोवर तिचं तापमान शंभराच्या आसपास अडकून राहतं, आणि त्या वेळात चरबी सावकाश वितळून ट्रेमध्ये जमते. पट्टी आपल्याच चरबीत सारखी शेकली जाते. पाणी संपलं की तापमान वर चढतं, आणि १४० अंशांच्या पुढे तो तपकिरी रंग आणि भाजका वास येतो. भाकरी फुगल्यावर तिच्या पापुद्र्यावर डाग येतात, तीच रासायनिक क्रिया. म्हणजे आधी चरबी सुटली पाहिजे, मग रंग आला पाहिजे. तव्यावर घाई झाली की क्रम उलटतो.

कृती फार नाही. काठ असलेला ट्रे घ्यायचा, काठ नसेल तर चरबी ओव्हनच्या तळाला जाते आणि धूर होतो, कधी पेटही घेते. ट्रेवर बेकिंगचा कागद किंवा फॉइल, त्यावर पट्ट्या एका थरात. जराशा एकमेकींवर चढल्या तरी चालेल, आकसून आपोआप सुट्या होतात. ओव्हन २०० अंशांवर, पंखा असेल तर १८०. साधारण जाडीच्या पट्टीला १५ ते २० मिनिटं, जाडीला २५ पर्यंत. बाराव्या मिनिटापासून लक्ष ठेवा, कारण शेवटची तीन मिनिटं दगाबाज असतात. उलटायची गरज नाही, फक्त मध्ये एकदा ट्रे फिरवा. काही जण गार ओव्हनमध्येच ट्रे ठेवून मग पेटवतात. जाड पट्टीला ते बरं, चरबी सुटायला वेळ मिळतो. पातळ पट्टीला फरक पडत नाही, आणि प्रत्येक ओव्हन तापायला वेगळा वेळ घेत असल्यामुळे मिनिटांचा हिशोब मात्र बिघडतो. ट्रेमध्ये जाळी ठेवून वर पट्ट्या मांडायची रीतही आहे. पट्टी जास्त कोरडी, सपाट होते खरी, पण जाळी घासताना जीव जातो. मला ती पटलेली नाही.

बाहेर काढताना पट्टी हवी त्यापेक्षा थोडी मऊच असू द्यावी, गार होताना ती कडक होते. कागदावर टाकली की वरची चरबी निथळते. वजन केलंत तर कच्च्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच उरलेलं दिसेल. दुकानदाराने फसवलं असं वाटून घेऊ नका.

आपल्या घरांत मोठा ओव्हन नसतो, टेबलावरचा छोटा ओटीजी असतो. त्यात वरचा तापलेला दांडा ट्रेच्या अगदी जवळ येतो आणि कडा करपतात, मधला भाग तसाच. ट्रे खालच्या खाचेत ठेवा, दोन्ही दांडे चालू, आच १८०-१९०. पाठीच्या बेकनला चरबी कमी, ते १०-१२ मिनिटांतच होतं, जास्त ठेवलं तर चामडं. ज्यात साखर किंवा मध घातलेला आहे ते फार लवकर काळं पडतं, त्याला आच आणखी कमी. आणि चोरीस या पद्धतीने भाजू नये. त्यातली मिरची कोरड्या आचेत आधी जळते, मांस आत कच्चं राहतं. ते थोड्या पाण्यात, कांद्याबरोबर, झाकण ठेवून शिजवायचं.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. जुनं बेकन खारट, सुकं, धुरकट होतं, म्हणून ते चुलीजवळ टांगून टिकत होतं. पाकिटातलं आजचं बेकन तसं नाही. मीठ कमी, पाणी जास्त, धूर कित्येकदा फक्त वासापुरता. ते फ्रिजमध्येच राहिलं पाहिजे, पाकीट फोडल्यावर आठवड्याच्या आत संपलं पाहिजे. 'मिठातलं आहे, काय होतंय' म्हणून ओट्यावर ठेवू नये. तसंच ते कच्चं खायचं नाही. डुकराच्या मांसातून पट्टकृमी होतो, आणि सौम्य मीठ किंवा थंड धूर त्याची खात्री देत नाही. नीट शिजवलं की तो मरतो. ओव्हनमधली कुरकुरीत पट्टी त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे जाते, भीती असते ती अर्धवट शिजलेल्या जाड तुकड्याची. याच कृमीची अंडी पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट्स येतात, आणि भारतात फिट्सचं ते एक मोठं कारण आहे. ही अंडी मात्र डुकराच्या मांसातून येत नाहीत. कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांतून, सांडपाण्यावरच्या भाजीतून येतात. जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा रोग होतो, तेव्हा 'आम्हाला काय त्याचं' असं म्हणायची सोय नाही.

दुसरी बाब नायट्राइटची. जंतूंपासून वाचवणारा हाच पदार्थ फार कडक आचेत मांसातल्या घटकांशी मिळून नायट्रोसमाइन नावाची कर्करोगकारक द्रव्यं तयार करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये मिठवलेलं आणि प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पहिल्या गटात घातलं. रोजच्या न्याहारीचा हा जिन्नस नव्हे, एवढं त्यावरून नक्की. खायचंच तर काळं करपलेलं खाऊ नये, आणि इथेही तव्यापेक्षा ओव्हनची आच ताब्यात ठेवणं सोपं जातं.

गोव्यातले लाकडाचे फोर्न आता कमी होत चाललेत. लाकूड महागलं, पहाटे दोनला उठणारी मुलं घरात राहिली नाहीत, विजेचे किंवा डिझेलचे ओव्हन आले. नव्या ओव्हनमध्ये बटण फिरवलं की आच हवी तिथे थांबते, ही सोय मोठी आहे. पण उतरत्या आचेची वेळ, पाव झाल्यावर गावाला मिळणारे ते मोकळे दोन-तीन तास, त्या ओव्हनला नाहीत. तुमच्या गावात जुना फोर्न अजून पेटत असेल तर त्याचं माप घेऊन ठेवा. घुमटाची उंची, तोंडाची रुंदी, लाकूड कुठलं आणि किती, पहिला घाणा किती वाजता निघतो, आणि पाव झाल्यावर आत काय काय जातं.

ट्रेमध्ये उरलेल्या चरबीचं काय करायचं, हेही विचारतात. मोरीत ओतायची नाही, गार झाली की थिजून नळी बंद होते. फिकट सोनेरी असेल तर गाळून काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये महिनाभर राहते, आणि राजमा किंवा चवळी करताना फोडणीला चमचाभर पुरते. त्या दिवशी भाजीत मीठ बेतानंच घाला. काळपट झाली असेल तर कागदात टिपून टाकून द्यायची.